लेखकराव, शॉट रेडी आहे

विनोदी लेखक दिग्दर्शक का होतो, याचं मुलाखतीत द्यायचं उत्तर वेगळं आणि खरं उत्तर वेगळं. मुलाखतीत 'माध्यमाची ओढ' असं काहीतरी म्हणायचं असतं. मी पुण्यात एकांकिका लिहिल्या, मुंबईत येऊन टीव्हीवरच्या प्रहसनांचे रतीब घातले, मालिकांचे संवाद लिहिले, मग सिनेमे लिहिले आणि केस पांढरे व्हायला लागल्यावर कॅमेऱ्यामागे जाऊन उभा राहिलो. सेटवर मला अजूनही 'लेखकराव' म्हणतात. सुरुवातीला त्यात टोमणा होता. आता हाक मारली नाही तर चुकल्यासारखं वाटतं. इतक्या वर्षांत जे थोडंफार उमगलं ते खाली मांडलंय. क्रमाला काही अर्थ नाही. पटकथाकार असूनही मला तो कधी नीट लावता आला नाही, असं एक दिग्दर्शक म्हणायचेच.

१. बहुतेक लेखक रुसून दिग्दर्शक होतात. यात मी एकटा नाही, सोबत मोठमोठी माणसं आहेत. बिली वाइल्डरने 'होल्ड बॅक द डॉन' या १९४१ च्या सिनेमासाठी एक प्रसंग लिहिला होता. मेक्सिकोच्या सीमेवरच्या कळकट हॉटेलात व्हिसाची वाट बघत अडकलेला नायक भिंतीवरच्या झुरळाला अडवतो आणि त्याच्याकडे कागदपत्रं मागतो. नायक होता चार्ल्स बॉयर. तो म्हणाला, मी झुरळाशी बोलणार नाही. दिग्दर्शकाने मान डोलावली आणि प्रसंग गेला. वाइल्डरने चिडून उरलेल्या पानांतले बॉयरचे संवाद कमी केले असं सांगतात. पुढच्याच वर्षी 'द मेजर अँड द मायनर' घेऊन तो स्वतः हॉलिवूडमध्ये दिग्दर्शक झाला. त्याच्या आधी, १९४० मध्ये, प्रेस्टन स्टर्जेसने दिग्दर्शन करायला मिळावं म्हणून 'द ग्रेट मॅकगिंटी'ची पटकथा स्टुडिओला दहा डॉलरला देऊन टाकली. तिला पुढे ऑस्कर मिळालं. दहा डॉलरचं आपल्याकडच्या लेखकांना फारसं नवल वाटणार नाही. पण त्या दहा डॉलरच्या बदल्यात त्याने काहीतरी मागून घेतलं, याचं वाटेल.

माझं झुरळ म्हणजे तेराव्याच्या जेवणातला एक प्रसंग. गेलेल्या आजोबांना चहात किती साखर लागायची यावरून तीन भाऊ भांडतात आणि त्या भांडणातून वाटणीचा विषय निघतो. तो उडाला, कारण त्यात नायकाला वाक्य नव्हतं. मी घरी येऊन बायकोला म्हणालो, आता मीच करतो सिनेमा. केला. आणि पहिल्याच आठवड्यात, उजेड चाललाय म्हणून, स्वतःचाच लाडका प्रसंग स्वतःच्या हाताने कापला. त्या रात्री मोठी पंचाईत झाली. रुसायचं कोणावर?

२. कागदावर वरात काढायला दमडी लागत नाही. माझ्या पटकथेत लिहिलं होतं, 'रात्र. पाऊस. गावातून वरात चालली आहे. घोडा बिथरतो.' लिहायला अर्धा मिनिट लागला असेल. प्रॉडक्शन मॅनेजर हा कागद घेऊन समोर बसला आणि त्याने एकेका शब्दावर पेन्सिल टेकवली. रात्र म्हणजे नाइट शिफ्ट, जनरेटर, दिव्यांची संख्या दुप्पट. पाऊस म्हणजे पाण्याचे टँकर, वर फवारे, खाली चिखल, आणि प्रत्येक टेकनंतर कोरडे कपडे. वरात म्हणजे ज्युनिअर आर्टिस्ट, त्यांचे फेटे, त्यांचं जेवण, बँडवाले. घोडा म्हणजे ॲनिमल वेल्फेअर बोर्डाची परवानगी. आणि तो बिथरणार असेल, तर त्या अर्जात नेमकं काय लिहायचं, असं त्याने अत्यंत गंभीरपणे विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

शेवटी पाऊस गेला, रात्र गेली, घोडा गेला. वरात पडद्याबाहेर राहिली, फक्त बँडचा आवाज येत राहिला, आणि नवरदेव बाशिंग सावरत एका टेम्पोच्या मागच्या फळीवरून उतरला. टेम्पोवर 'साई सिमेंट सप्लायर्स'सारखं काहीतरी लिहिलेलं. थिएटरात त्या टेम्पोला जो हशा मिळाला, तो घोड्याच्या बापाला मिळाला नसता. यावरून काटकसरीने विनोद सुधारतो असा निष्कर्ष मी काढला आणि पुढे बऱ्याच ठिकाणी वापरून पाहिला. बहुतेक वेळा काटकसर ही काटकसरच दिसते.

३. हशा बोलणाऱ्याचा नसतो, ऐकणाऱ्याचा असतो. हे कळायला मला 'अशी ही बनवाबनवी' किती वेळा पाहावा लागला ते सांगत नाही. १९८८ चा तो सिनेमा हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या 'बीवी और मकान'वर बेतलेला. पण वसंत सबनीसांच्या संवादांनी तो असा काही इथला करून टाकला की मूळ कुठलं हे विचारायची कोणाला गरज वाटली नाही. मधुमेहाचं औषध, सत्तर रुपये आणि इस्तंबूल हा प्रसंग तोंडपाठ नसलेला माणूस महाराष्ट्रात शोधावा लागेल. नुसता लेखक होतो तोवर मी त्यात सबनीसांची बांधणी ऐकायचो. माहिती कुठे दडवली, कुठे सोडली, मोक्याचा शब्द शेवटापर्यंत कसा राखून ठेवला. दिग्दर्शन करायला लागल्यावर पुन्हा पाहिला, तर बोलत होते अशोक सराफ आणि मी बघत होतो सुधीर जोशींकडे. परदेशातला कोणी माणूस गेला याचं दुःख करावं, की आपले पैसे गेले याचं, आणि पैशांचं दुःख केलं तर ते या प्रसंगी बरं दिसेल का, असा सगळा हिशेब त्या घरमालकाच्या मागे लागलेला. आणि कागदावर सुधीर जोशींच्या वाट्याला काय असणार? दोन वाक्यांच्या मधली कोरी जागा.

गप्प बसलेल्या माणसाला पटकथेत ओळ नसते, म्हणून लेखकाला तो दिसत नाही. माझ्या पहिल्या सिनेमात रंगभूमीवर आयुष्य घालवलेले एक ज्येष्ठ नट होते. एका प्रसंगात नायक पानभर बोलतो आणि हे नुसते बसलेले. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "यात मी काय करायचं?" मी म्हटलं, "तुम्ही ऐका." ते थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, "याचा विनोद मला कळतो का?" हा प्रश्न मला आजवर कुठल्या निर्मात्याने, समीक्षकाने किंवा सहलेखकाने विचारलेला नव्हता. मी म्हटलं, "नाही. पण कळला असं दाखवायचंय." त्यांनी मान हलवली आणि शॉटमध्ये अर्धा क्षण उशिरा, भलत्याच वाक्यावर, अत्यंत सभ्यपणे हसले. नायकाच्या ज्या वाक्यावर मी पंधरा दिवस घालवले होते ते वाक्य सगळ्या थिएटरांत शांतपणे निघून जायचं. मग कॅमेरा यांच्यावर यायचा आणि थिएटर हलायचं.

४. सेटवरच्या हसण्यावर विसंबायचं नाही. पहिल्या रिहर्सलला सगळं युनिट हसतं, कारण विनोद दिग्दर्शकाचा असतो आणि पेमेंट अजून व्हायचं असतं. टेक वाढत गेले की हसू ओसरतं. बूम धरलेल्या मुलाचा हात भरून येतो, मेकअपदादा घाम टिपत राहतात, आणि ते वाक्य इतक्यांदा कानावर पडलेलं असतं की यात मुळात गंमत काय होती, तेच आठवेनासं होतं. सिंक साउंड असेल तर कोणी खरोखर हसलं तरी आफत, कारण शॉट वाया जातो. मला एका स्पॉटदादाचा भरवसा वाटायचा. हसू आलं की तो गुपचूप सेटबाहेर जायचा. तो बाहेर गेला की मी शॉट ओके करायचो. काही दिवसांनी कळलं, त्याला तंबाखूची तल्लफ यायची.

५. हशाला बसायला जागा लागते, आणि ती किती याचं माप कोणाकडे नाही. नाटकात हे नटावर सोपवता येतं. हशा आला की तो थांबतो, ओसरत आला की पुढचं वाक्य टाकतो. पुण्यात कुठे थांबायचं आणि कोल्हापुरात कुठे, हे त्याला पहिल्या पाच मिनिटांत कळतं. सिनेमा कोणासाठी थांबत नाही. जागा कमी सोडली तर पुढचं वाक्य हशात बुडतं. जास्त सोडली आणि हशा आलाच नाही, तर पडद्यावर तीन माणसं उगीच एकमेकांकडे बघत उभी दिसतात. वाइल्डरने 'सम लाइक इट हॉट'मध्ये, १९५९ साली, यावर जो तोडगा काढला त्यापुढे मी हात टेकले आहेत. बाईच्या वेशातला जॅक लेमन आपलं लग्न ठरल्याचं आनंदाने सांगतोय. वाक्यागणिक हशा येणार हे वाइल्डरला दिसत होतं. त्याने लेमनच्या हातात दोन मराका दिले, ते खुळखुळणारं लॅटिन वाद्य. लेमन एक वाक्य बोलतो, खुळखुळे वाजवत नाचतो, पुन्हा बोलतो. सेटवर लेमनला हे विचित्रच वाटलं होतं. थिएटरात लोक हसत राहिले आणि एकही शब्द वाया गेला नाही.

मी हा धडा गिरवायचं ठरवलं. माझ्या नायकाच्या आईला संवाद बोलताना मी लसूण सोलायला लावला. हशा पिकला की तिने एक पाकळी सोलायची. संकलकाने फुटेज बघून विचारलं, ही बाई एवढा लसूण सोलतेय तो पुढच्या प्रसंगात कुठे वापरलाय का?

६. लिहिताना दिसतो तो माणूस, शूटिंगला येतो तो नट, आणि या दोघांची ओळख करून देणं एवढंच आपल्या हातात असतं. सई परांजपे स्वतः लिहितात आणि स्वतः दिग्दर्शन करतात, म्हणून त्यांचा 'कथा' मी वेगळ्या नजरेने पाहतो. १९८३ चा हा सिनेमा स. गं. साठ्यांच्या 'ससा आणि कासव' नाटकावर आधारलेला. सोज्वळ चेहऱ्याचा फारुख शेख त्यात थापाड्या ससा, आणि पडद्यावर आग ओकणारा नसीरुद्दीन शाह चाळीतला भिडस्त कारकून. नुसता लेखक उलट वाटणी करून मोकळा झाला असता. मला असं काही सुचलं नव्हतं. मी किडकिडीत, लाजरा नायक लिहिला होता आणि तारखा मिळाल्या त्या एका धिप्पाड, खर्ज आवाजाच्या नटाच्या. त्याने ते लाजणं तसंच ठेवलं. सहा फूट माणूस दाराच्या फटीतून 'येऊ का?' विचारतो, हे मी लिहिलं म्हणून आता सगळीकडे माझं कौतुक होतं.

७. कौतुक नेहमी भलत्याच पत्त्यावर पोचतं. 'विच्छा माझी पुरी करा' सबनीसांचं, 'सोंगाड्या' त्यांनी लिहिलेला, 'बनवाबनवी'चे संवादही त्यांचे. तरी लग्नाच्या पंगतीत बसलेल्या माणसाला विचारा, तो अशोकमामांचा डायलॉग म्हणेल, लक्ष्याचा म्हणेल. लेखक म्हणून मी यावर अनेक चहा संपवले आहेत. दिग्दर्शक झाल्यावर गंगा उलटी वाहायला लागली. एका मुलाखतीत तरुण पत्रकार म्हणाला, "तुमच्या सिनेमातलं ते रिक्षावाल्याचं वाक्य म्हणजे कमाल आहे सर." ते वाक्य रिक्षावाल्याचं काम करणाऱ्या मुलाने ऐन शॉटमध्ये घुसडलेलं होतं. खुलासा करावा म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्याने पुढचा प्रश्न विचारला. मीही फार जोरात उघडलं नव्हतं म्हणा.

८. विनोद करणाऱ्याला आप्तेष्ट सुखाने जगू देत नाहीत. "छान होता हं सिनेमा, खूप हसलो. आता एखादा चांगला कर." हे वाक्य मी आत्याकडून, शेजाऱ्यांकडून आणि एका बँक मॅनेजरकडून ऐकलं आहे. १९५३ हे साल माझ्या डोक्यात याच कारणाने बसलंय. त्या वर्षी पु. लं.चा 'गुळाचा गणपती' आला. पटकथा-संवाद, संगीत, दिग्दर्शन, नायक, सबकुछ पु. ल. त्यानंतर ते सिनेमापासून जवळजवळ दूरच झाले. त्याच वर्षी 'ब्रह्मचारी'सारखी धमाल लिहिणारे आचार्य अत्रे 'श्यामची आई' घेऊन आले आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक घेऊन गेले. दोघेही महाराष्ट्राला हसवणारे. पदक रडवणाऱ्याला. अर्थात 'श्यामची आई' मोठाच सिनेमा आहे, आणि अत्र्यांना हसवता येत होतं म्हणूनच त्यांना कुठे थांबायचं हे कळत होतं, असं माझं मत आहे. आत्याला ते पटलेलं नाही. तिच्यासाठी मी एक गंभीर पटकथा लिहायला घेतली होती. तिसऱ्या पानावर आजारी माणसाला भेटायला आलेले लोक शहाळी किती आणायची यावरून बोलायला लागले, आणि मग माझा नाइलाज झाला.

९. थिएटरात पडदा बघायचा नसतो, खांदे बघायचे असतात. सिनेमा लागला की मी शेवटच्या रांगेत कोपऱ्यातलं तिकीट काढतो. शो सकाळचे अडनिडे मिळालेले असतात. पेन्शनर, कॉलेज बुडवून आलेली पोरं, एखादा भिशी ग्रुप. अंधारात चेहरे दिसत नाहीत, पण हसणाऱ्या माणसाचे खांदे हसतात. नुसताच फुसकन आवाज काढणाऱ्याचे हलत नाहीत.

सांगलीला अशाच एका शोला मी खांदे मोजत बसलो होतो. मुलगा नोकरी सोडल्याचं आईला सांगतो, तो प्रसंग. त्यावर मी जीव ओतला होता. मुलाचं वाक्य, आईचं उलट वाक्य, त्यावर शेजारणीची पुस्ती. सगळी लय अगदी टाळ धरल्यासारखी. मुलगा बोलायला लागला आणि बायकांच्या रांगा फुटल्या. डोळ्यांना पदर लावून हसत होत्या, शेजारणीला कोपर मारत होत्या. मला कळेना, हशाची जागा तर अजून यायची आहे. मग नीट बघितलं. आईचं काम करणाऱ्या बाई मुलाचं ऐकता ऐकता भाजीची रिकामी कॅरीबॅग हाताने सपाट करत होत्या, तिची चौकोनी घडी घालत होत्या आणि ती गादीखाली सरकवत होत्या. नोकरी गेलीय, घर हादरलंय, पण पिशवी जपून ठेवली पाहिजे. हे पटकथेत नव्हतं. शॉटच्या वेळी मी मॉनिटरवर होतो, पण माझं लक्ष शब्दांकडे. बाईंना नंतर फोन करून विचारलं, हे तुम्ही ठरवून केलंत का? त्या म्हणाल्या, "काय केलं मी?"

त्या हशात माझा अख्खा संवाद बुडाला. एक अक्षर कोणाला ऐकू गेलं नाही, शेजारणीची पुस्ती तर नाहीच नाही. मध्यंतरात बाहेर एक आजी दुसरीला सांगत होत्या, "लिहिणाऱ्याने घरं बघितलेली दिसतात." मी त्यांच्यासमोरून दोनदा गेलो, पण ओळख द्यायला कारणच मिळालं नाही.

१०. एकदा दिग्दर्शक झालं की कोणी लिहायला बोलवत नाही. फोन करणारे चाचरतात, "आता तुम्ही काय, स्वतःच..." आणि आपला पुढचा सिनेमा तर कायम 'बोलणी चालू आहेत' या अवस्थेत. त्यामुळे एका तिशीतल्या दिग्दर्शिकेने परवा पटकथा मागितली तेव्हा मी हो म्हणून बसलो. मुलगी हुशार आहे. मी दिलेल्या पहिल्या मसुद्यातले चार विनोद तिने काढून टाकले, आणि काढताना 'हे छान आहे, पण' असं म्हणायची तसदीही घेतली नाही. मी तासभर वाद घातला. दिग्दर्शकांना लेखनातलं काही कळत नाही असं वाक्य माझ्या तोंडून इतकं सहज निघालं की आम्ही दोघंही क्षणभर गप्प झालो.

शूटिंग आता भोरच्या वाड्यात चालू आहे. निघताना तिने नम्रपणे सांगितलं, "दादा, राग मानू नका, पण पहिले काही दिवस तुम्ही सेटवर नका येऊ." मी अजिबात राग मानला नाही. मीही माझ्या लेखकाला येऊ दिलं नसतं. काल मात्र तिच्या असिस्टंटचा फोन आला. एका प्रसंगात गप्प बसलेल्या काकांना वाक्य नाहीये, तर ते नेमकं काय करतात, असं मॅडमनी विचारलंय. मी म्हटलं, त्यांना विनोद कळलाय की नाही ते आधी मॅडमना ठरवू दे. मग मला वाटलं, हे फोनवर नीट सांगता येणार नाही. सकाळची स्वारगेटहून भोरची एसटी बघून ठेवली आहे. तिथे जेवण चांगलं असतं असंही ऐकलंय.